पिकअपचं इंजिन निळा धूर मारते, ऑइल खाते; बांधू (खोलून दुरुस्त करू) का दुसरं बसवू?

भाऊ, एवढ्यावरून इंजिन गेलं असं नका धरू, पहिले कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) चेक करा. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा, तिथून भकाभका धूर फेकत असन तर रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या अन् सिलिंडरची आतली नळी) घासले, अन् तिथं शांत असून नुसता सकाळी स्टार्टले निळा धूर येत असन तर बहुतेक वाल्व सील (वाल्वजवळ ऑइल अडवणारं रबर) गेले, ते स्वस्तात होते. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) सीलही पाहून घ्या, तो गेला तरी असाच धूर निघते.

खोलल्यावर खरं क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) अन् ब्लॉक (इंजिनचा सांगाडा) यायच्यावर हाय. क्रँक ग्राइंडिंग होऊन (घासून सारखा करून) त्याच्या कमी झालेल्या मापाचं अंडरसाइज बेअरिंग बसत असन, ब्लॉकले चीर नसन तर डोळे झाकून बांधा, माझं तरी मत हेच. क्रँक मापाबाहेर गेला किंवा पिस्टनच्या रॉडनं ब्लॉक फोडला तरच दुसरं घ्या, पण सेकंडहँड इंजिन म्हणजे बाजारातला बैल, चालवून पाह्यल्याबिगर पैसे नका देऊ, कागदही मागा, कारण इंजिन नंबर आरसीवर असते, आरटीओत बदलून नाही घेतला तर पासिंगले अन् विम्याच्या क्लेमले अडकसान.

अन् काम कपाशीचे भाडे सुरू व्हायच्या आधी काढा, क्रँक घासणाऱ्या मशीन शॉपवाल्याचा 'उद्या' लई लांब असते.