कॉफीविना कोल्ड कॉफी : मुलांच्या ग्लासाविषयी प्रश्नोत्तरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात कोल्ड कॉफी होऊ लागली की मुलंही ग्लास घेऊन पुढे येतात. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. खाली जिथे ‘चमचा’ म्हटलं आहे तिथे चहाचा सपाट चमचा, म्हणजे ५ मिली, आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली समजावा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. आम्ही संध्याकाळी कोल्ड कॉफी घेतो तेव्हा तिलाही हवी असते. भरपूर दुधात चिमूटभर कॉफी घालून दिली तर चालेल का? (ठाणे)

चिमूट खरोखर चिमूटच राहिली तर फारसं बिघडत नाही. पण चव लागत नाही म्हणून ती आठवड्याभरात अर्ध्या चमच्यावर जाते. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात, म्हणजे साधारण २ ग्रॅममध्ये, ६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा सांगितली आहे : द्यायचीच झाली तर ५ ते ९ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त अर्धा कप चहा किंवा कॉफी, १० ते १८ वर्षांच्या मुलांना एक कप, आणि तीही त्या दिवशी कॅफीन असलेलं दुसरं काही घेतलं नसेल तर. आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलं सकाळी चहा-चपाती किंवा चहा-खारी खातात. तो अर्धा कप तिथेच संपलेला असतो. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला मोठ्यांनाही पाचेक तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं कॅफीन मुलांच्या झोपेच्या वेळेपर्यंत अंगात असतं.

मुलांना कॉफीत जे आवडतं त्यातलं बहुतेक कॅफीनमुळे येत नाही. भाजल्याचा खमंग वास, किंचित कडवटपणा, वरचा फेस आणि गारवा हे सगळं कॉफीच्या बीशिवाय जमतं. मराठी घरात तर कॉफीचा अर्धा वास जायफळाचा असतो. म्हणून कॉफी कमी करत बसण्यापेक्षा ती काढूनच टाका आणि भाजलेपणा दुसरीकडून आणा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर आम्ही हेच आग्रहाने सांगू.

प्रश्न : चिकोरीची कॉफी करतात असं ऐकलं. ती कुठे मिळते, आणि थंड कशी करायची? एकदा केली ती कडूजहर झाली. (नाशिक)

आमच्या मते मुलांच्या कोल्ड कॉफीसाठी याहून सोपा आणि जवळचा पर्याय नाही. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. त्यात कॅफीन अजिबात नसतं. भारतात तिची शेती मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. कॉफी दळून देणाऱ्या दुकानांत, मुंबईत माटुंग्यासारख्या भागात, ती सुटी मिळते, ऑनलाइनही मिळते. घेताना एवढंच पाहा की पाकिटावर ‘चिकोरी’ एवढंच लिहिलेलं असावं. ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ वेगळं : आपल्याकडच्या नियमानुसार त्यात किमान ५१ टक्के कॉफी असतेच.

दोन लहान ग्लासांसाठी २ चमचे (सुमारे ५ ग्रॅम) चिकोरी १०० मिली पाण्यात घाला. उकळी आली की मंद आचेवर ३ मिनिटं ठेवा, गॅस बंद करून ५ मिनिटं झाका आणि मलमलच्या कापडातून गाळा. चहाच्या गाळणीतून बारीक चोथा खाली उतरतो आणि तोच ग्लासाच्या तळाशी कडू लागतो. साधारण ८० मिली काळं पाणी मिळेल. गरम असतानाच त्यात २ चमचे साखर विरघळवा, सहाणेवर जायफळाचे दोन वळसे घासून ते लावा आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. मग ३०० मिली उकळून गार केलेलं दूध घालून मिक्सरमधून फिरवा. जायफळाचा हात सैल सोडू नका. ते मोठ्या मात्रेत मुलांना बाधतं.

तुमची चिकोरी कडू झाली त्याचं कारण बहुधा माप. कॉफीच्या मानाने चिकोरीतला खूपच जास्त भाग पाण्यात उतरतो, त्यामुळे कॉफीच्या अंदाजाने घातली की ती दाट आणि कडू होते. दुसरं कारण दहा-दहा मिनिटं उकळणं. कडू झालेल्या काढ्यात साखर ओतून उपयोग नाही, तो दुधाने वाढवा. पहिल्या वेळी अर्धाच ग्लास द्या. चिकोरीत इन्युलिन नावाचा तंतू असतो, त्याने काही मुलांच्या पोटात गॅस होतो. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींची ॲलर्जी असेल तर मात्र चिकोरी टाळा, कारण ती त्याच कुळातली आहे.

प्रश्न : घरची कोल्ड कॉफी पाणचट होते आणि फेस दोन मिनिटांत बसतो. कॅफेसारखी दाट कशी करायची? (पुणे)

पाणचटपणाचं कारण बर्फ. ट्रेमधला एक खडा १५ ते २० मिलीचा असतो. दोन ग्लासांत सहा खडे फिरवले की शंभर मिली पाणी वाढलं. म्हणून पाण्याचा बर्फ घालूच नका. वरच्या मापातलं १०० मिली दूध आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि उरलेल्या २०० मिलीबरोबर फिरवा. छोट्या मिक्सरचं पातं अडकू नये म्हणून खडे पाच मिनिटं बाहेर ठेवून, बत्त्याने एकदा फोडून मगच घाला.

फेस दुधातल्या प्रथिनांनी धरतो, आणि दूध जितकं गार तितका तो टिकतो. कोमट दुधातली अर्धवट वितळलेली चरबी बुडबुडे फोडते. फ्रिजमधून काढलेलं दूध लगेच वापरा, भांडंही दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका, नाहीतर हवेला जागाच राहत नाही. चाळीस ते पन्नास सेकंद पुरतात. पिशवीतल्या टोन्ड दुधाचा फेस म्हशीच्या दुधापेक्षा उंच येतो. म्हशीच्या दुधाची चव मात्र अधिक भरीव. ते वापरायचं तर साय काढून, गाळून घ्या. सायीसकट दोन-तीन मिनिटं फिरवलं तर वर लोण्याचे कण तरंगू लागतात आणि मूल पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतं.

दाटपणासाठी एक मोठा चमचा दूध पावडर पुरेशी आहे. आईस्क्रीमचा गोळा सणासुदीला ठीक, रोज नको. आणि गरम काढा झाकण लावलेल्या मिक्सरमध्ये कधीही फिरवू नका : वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ घातला तर दूध फाटलं. खजूर चालेल का? (सांगली)

गूळ किंचित आंबट असतो, आणि गरम दुधाला तेवढी आंबटी फाटायला पुरते. जुना, काळपट गूळ यात जास्त त्रास देतो. उपाय असा : ३ मोठे चमचे किसलेला गूळ २ मोठे चमचे पाण्यात वितळवा, एक उकळी आणा, गाळा, पूर्ण गार करा आणि गार दुधात घाला. दूध आणि पाक दोन्ही गार असले की सहसा फाटत नाही. तरी नव्या गुळाच्या वेळी आधी अर्ध्या वाटीत पडताळून पाहा. हा पाक फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो; एका ग्लासाला एक चमचा बास.

खजूर छान लागतो, त्याचा खमंगपणा चिकोरीशी जुळतो. दोन ग्लासांना ४ बिनबियांचे मऊ खजूर गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा, आधी थोड्या दुधात गंधासारखे वाटा, मग बाकीचं घाला. सालीचे तुकडे लागत असतील तर गाळून घ्या. पण खजूर घातला म्हणजे गोड कमी झालं असं समजू नका. सुक्या खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि वाटल्यावर ती दातांना तशीच चिकटते. चार खजूर घातले की दुसरं गोड घालायचं नाही. मध घालणाऱ्यांसाठी : एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात द्यायचा नाही.

प्रश्न : नाचणीची ‘कॉफी’ केली. थंड झाल्यावर खळीसारखी घट्ट झाली. (रत्नागिरी)

पीठ जास्त झालं. दोन ग्लासांना २ चमचेच घ्या. कोरड्या कढईत मंद आचेवर रंग एक छटा गडद होऊन वास सुटेपर्यंत, ६ ते ८ मिनिटं भाजा आणि गार करा. मग १०० मिली गार पाण्यात कालवून गॅसवर ठेवा. उकळत्या पाण्यात घातलं तर गुठळ्या होणारच. सतत ढवळत ४ मिनिटं शिजवा. पीठ कच्चं राहिलं तर घशाला खरखरतं, म्हणून ही पायरी चुकवू नका. गार झाल्यावर ते घट्ट होईल. ३०० मिली गार दुधात फिरवलं की सरसरीत होतं.

मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं पीठ असेल तर फारच उत्तम. मोड येताना तयार होणारे पाचक रस शिजताना पिष्ट (स्टार्च) तोडतात, त्यामुळे तेवढंच पीठ घालूनही पेय पातळ राहतं आणि थोडी गोडी आपसूक येते.

नाचणीला भाजल्याचा वास असतो, कॉफीचा कडवटपणा नसतो. तो हवा तर चिकोरीचा २ चमचे काढा घाला. कॅल्शियमसाठी म्हणून पीठ वाढवत जाऊ नका : २ चमचे नाचणीतून मिळणारं कॅल्शियम २० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एक ग्लास दुधातून त्याच्या दहापट.

प्रश्न : कोको किंवा बाजारची माल्ट पावडर घातली तर? (नागपूर)

कोकोत कॅफीन असतं, पण थोडं. एका चमच्यात ५-६ मिलिग्रॅम. दोन ग्लासांत एक चमचा कोको मुलांना चालतो. तो थेट गार दुधात घातला तर वर गोळे तरंगतात, म्हणून आधी दोन मोठे चमचे गरम पाण्यात घोटून घ्या. कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट एक नव्हेत, दुसऱ्यात बहुतांश साखर असते.

माल्ट पावडरच्या डब्यावर पुढे काय लिहिलंय ते सोडा, मागचा तक्ता वाचा : १०० ग्रॅममागे घातलेली साखर किती? ‘हेल्थ ड्रिंक’ असा कायदेशीर प्रकारच आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या विभागातून हटवायला सांगण्यात आलं. पावडर घालणार असाल तर वेगळी साखर घालू नका.

प्रश्न : इथे जर्मनीत मुलांसाठी धान्याची ‘कॉफी’ डब्यात मिळते. ती वापरावी का? आणि डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी? (म्युनिक)

ती बहुतेक भाजलेल्या जवाची, राईची (मोहरी नव्हे, ‘राय’ नावाचं गव्हासारखं धान्य) आणि चिकोरीची असते. कॅफीन नसतं आणि पाण्यात लगेच विरघळते. एका ग्लासाला एक चमचा, आधी दोन मोठे चमचे गरम पाण्यात. तुमच्यासाठी हीच सोय सगळ्यांत चांगली. फक्त जव आणि राय दोन्हींत ग्लूटेन हे प्रथिन असतं, सिलिॲक (ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असलेल्या मुलाला ती द्यायची नाही. त्याच्यासाठी नुसती चिकोरी.

भारतातल्या वाचकांना हे घरी करता येतं. १०० ग्रॅम सोललेले जव कढईत मंद-मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं हलवत भाजा. हवा त्या तपकिरी रंगाच्या एक छटा अलीकडेच परातीत ओता, कारण तापलेल्या कढईत ते पुढे भाजत राहतात. करपलेले टाकून द्या. करपताना ॲक्रिलामाइड नावाचं अपायकारक रसायन वाढतं आणि चवही जळकी येते. भरड कुटून एक मोठा चमचा २०० मिली पाण्यात १० मिनिटं उकळा आणि गाळा. बारीक पीठ केलं तर पेय न होता पेज होते.

डीकॅफमध्ये थोडं कॅफीन उरतं, कपाला २ ते ५ मिलिग्रॅम किंवा जरा जास्त. कधीतरी मोठ्या मुलांना चालेल.

प्रश्न : वाढदिवसाला वीस मुलं येणार आहेत. आधी करून ठेवता येईल? (कोल्हापूर)

माणशी १५० मिली, म्हणजे ३ लिटर धरा. चिकोरी ४० ग्रॅम, पाणी ८०० मिली. गाळल्यावर साडेसहाशेच्या आसपास काढा उरतो. साखर ८० ग्रॅम, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४ ग्रॅम. दूध २ लिटर ४०० मिली, त्यातलं अर्धा लिटर गोठवलेलं. गोड काढा आदल्या दिवशी करून काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा, दूधही उकळून गार करा. एकत्र मात्र आयत्या वेळी करा आणि अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या घाण्यात फेसाळून लगेच वाढा. आधी फेसाळून ठेवलं तर केकपर्यंत फेस बसतो.

पातेलं बर्फ भरलेल्या परातीत ठेवा. परातीतला बर्फ विकतचा चालेल, पण पेयात तो पडता कामा नये. मे महिन्याच्या उकाड्यात दुधाचं पेय बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. उरलेलं पुन्हा फ्रिजमध्ये टाकण्याऐवजी फेकून द्या. वर काजू-बदामाचे तुकडे घालू नका : लहान मुलांच्या घशात अडकतात, आणि पाहुण्या मुलांपैकी कुणाला ॲलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. दुधाचंही पालकांना आधी विचारून घ्या. दूध न चालणाऱ्या मुलासाठी बिनसाखरेच्या सोया दुधाची एक बाटली बाजूला ठेवा. सोया दूध आंबट किंवा गरम काढ्यात फाटतं, तेव्हा काढा पूर्ण गार असताना आणि दुधात काढा असा ओता, काढ्यात दूध नव्हे. त्याच्यासाठी मिक्सरचं भांडंही वेगळं घ्या.