घोडी लंगडत नाही, मग वरातीला का नको?

मखमलाबादच्या दादांचा प्रश्न असा: गणपतीत घोडीच्या पुढच्या उजव्या पायाची नळीमागची (गुडघ्याखालच्या हाडामागची) शीर सुजली, सोनोग्राफीत ती शीर, म्हणजे टेंडन, फाटल्याचं निघालं. तबेल्यात बांधून सात आठवडे झाले, आता लंगडत नाही. तुळशीचं लग्न लागलं की वरातींच्या सुपाऱ्या घेऊ का?

नका घेऊ, दादा. हा सीझन सोडाच.

लंगडणं दुखण्यापायी असतं. सूज उतरली, दुखणं गेलं की घोडी सरळ चालते. शीर मात्र तेव्हा नुसती थिगळ लावलेली असते. आत आधी टाइप ३ कोलॅजन (शीर ज्याची बनते ते धागे) भरतं, ते कमजोर आणि आडवंतिडवं. त्याच्या जागी टाइप १ चे उभे, मजबूत धागे यायला महिने जातात. ९ ते १२ महिने धरा. एवढं करूनही शीर पहिल्यासारखी लवचिक होत नाही. त्यात तुमची घोडी नाचरी: मागच्या पायांवर उभी राहून खाली येते तेव्हा सगळा भार पुढच्या पायांवर, खाली डांबर आणि वर नवरदेव.

मी हे करून बसलोय. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला घोडा चौथ्या महिन्यात छान चालतोय म्हणून मळ्यात मोकळा सोडला. शेजारी कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. चार ढांगा भरधाव गेला असेल. संध्याकाळी नळीची मागची बाजू केळ्यासारखी फुगलेली, आणि आमचं सगळं पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आता हातात धरून फिरवायला लागा. दिवसातून दोनदा १० मिनिटं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. मुरमाचा सपाट रस्ता बघा. ओल्या काळ्या रानात पाय रुततो आणि शिरेला ओढ बसते. दोरीवर गोल फिरवणं बंद. दुडकी तीन-चार महिन्यांनी, तीही नवी सोनोग्राफी बघूनच, सरळ रस्त्यावर ५ मिनिटांपासून. घोड्यांचा डॉक्टर लांब पडत असेल तर गाई-म्हशींची गाभण तपासणारं लिनियर प्रोबचं मशीनही चालतं.

रोज सकाळी फिरवण्याआधी पाय उचलून सैल धरा आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत शीर वरून खाली चाचपा. मग दुसऱ्या पायाची. उलट्या हाताने ऊन लागतंय का बघा. गरम लागली किंवा घोडीने पाय ओढून घेतला, तर त्या दिवशी फिरवणं नाही. नळाचं गार पाणी १५-२० मिनिटं पायावर सोडा आणि डॉक्टरांना फोन करा.

हरभरा निम्म्यावर आणा, बांधलेली घोडी माजते. नालबंदाला टाच उंच करायला सांगू नका. या शिरेला त्याने आराम पडत नाही, उलट ताण वाढू शकतो. कुणी तापल्या लोखंडाने डाग द्यायला सांगितलं तर हात जोडा. आणि दुखण्यावर डायक्लोफेनॅक नको, जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे. ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मेली, अंजनेरीच्या कड्यावर आता थोडीच उरलीत.

घेतलेल्या सुपाऱ्या पंचवटीतल्या एखाद्या घोडेवाल्याकडे वळवा. पहिल्या सोनोग्राफीचा फोटो जपून ठेवा, पुढच्या वेळी फाटल्या जागी दिसणारा काळा डाग किती भरलाय ते डॉक्टर त्याच्याशीच ताडून बघतील.