जुना पंप परत बसवू नका

प्रश्न : मी नाशिकला राहतो. माझ्याकडे १.२ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये ईसीयू रिमॅप करून घेतला (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं) आणि त्यांच्याच सांगण्यावरून टाकीतला मूळ फ्युएल पंप काढून तासाला २५५ लिटर इंधन ढकलणारा, बाजारात मिळणारा दुसरा पंप बसवला. चार महिन्यांनी गाडी सिग्नलला बंद पडली आणि मागच्या सीटखालून धूर आला. वायरिंग, सीट, कार्पेट जळालं. दुरुस्तीचा अंदाज १ लाख ८५ हजार. विमा कंपनीने 'अनधिकृत बदल' असं कारण देऊन क्लेम नाकारला. गॅरेजवाला म्हणतो, 'पंप चांगला आहे, वायरिंगला आम्ही हातसुद्धा लावलेला नाही.' पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं. मित्र म्हणतो, जुना पंप परत बसव आणि फेरतपासणी माग. आणि मुळात पंप बदलणं हाच गुन्हा ठरतो का?

उत्तर : मित्राला चहा पाजा, पण त्याचा सल्ला ऐकू नका. विमा कंपनीचा सर्व्हेयर एकदा येऊन गेलाय, त्याने काढलेले फोटो कंपनीच्या फाइलला लागलेत. आता पंप बदललात तर आज फक्त वादात असलेला क्लेम उद्या फसवणुकीचा होईल, आणि भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ तुमच्यावरच उलटेल. शिवाय तो जळका पंप हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. गॅरेजवाला 'चेक करून देतो' म्हणून मागेल. देऊ नका.

गुन्ह्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. त्यातल्या स्पष्टीकरणानुसार 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. पंपाने तुमच्या आरसीवरची एकही नोंद बदललेली नाही. इंजिनची क्षमता, इंधन, आसनसंख्या, सगळं तेच आहे. त्यामुळे निव्वळ पंपावरून कलम १८२अ(४) लावणं मला ओढूनताणून वाटतं (त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे). रिमॅपचं मात्र तसं नाही. धुराचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं तर कलम १९०(२) लागतं. पीयूसी चालू आहे का, ते आजच बघा.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेला फ्यूज बॉक्सचा फोटो मी मोठा करून पाहिला. झाकणाच्या आतल्या तक्त्यात पंपाच्या जागी १५ अँपिअर लिहिलंय. १५ चा फ्यूज निळा असतो. तुमच्या गाडीत तिथे पिवळा आहे, म्हणजे २० चा. मोठा पंप जास्त करंट ओढतो. त्याला जाड वायर, वेगळा रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) आणि त्या वायरला झेपेल असा फ्यूज द्यावा लागतो. इथे वायर कंपनीची बारीकच ठेवली आणि फ्यूज तेवढा वाढवला. जो फ्यूज वेळीच उडायला हवा होता तो शाबूत राहिला, वायर तापत गेली आणि पंपाच्या वरचा कनेक्टर वितळला. 'वायरिंगला हात लावला नाही' हा गॅरेजवाल्याला बचाव वाटतोय. माझ्या लेखी ती कबुली आहे.

अर्थात, माझं मत ग्राहक आयोगापुढे पुरावा ठरत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जॉब कार्डवर निरीक्षण लिहून घ्या, जमल्यास स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरचा अहवालही घ्या. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. बिल नसल्याने घाबरू नका, पैसे यूपीआयने दिलेत ना? कच्च्या पावतीवर काम करून पक्कं बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे.

विमा कंपनीच्या बाबतीत एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो. लोक कंपनीला सांगतात 'पंपाचा आगीशी संबंध नाही' आणि गॅरेजवाल्याला सांगतात 'तुझ्याच पंपाने आग लागली'. दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात तेव्हा वकिलाला घाम फुटतो. तुमची हकिकत दोन्हीकडे एकच हवी : काम गॅरेजने निष्काळजीपणे केलं आणि ते मला ठाऊक नव्हतं. पॅकेज पॉलिसीच्या पहिल्याच भागात आग आणि आपोआप पेट घेणं या जोखमी धरलेल्या असतात. तुमची पॉलिसी काढून ते कलम वाचा. नकारपत्रात नेमकी कोणती अट मोडल्याचं म्हटलंय, तेही बघा. त्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गलाडा पॉवर प्रकरणात (२०१६) म्हटलं आहे. अट मोडली असं धरलं तरी अमलेंदू साहू (२०१०) निकालाच्या आधारे 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडल्यामुळे रक्कम कापून मंजूर होणारा) क्लेम म्हणून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. पूर्ण रकमेची आशा मी तुम्हाला देणार नाही. पंप बसवल्यावर पॉलिसीचं नूतनीकरण झालं असेल आणि त्या अर्जात बदलांविषयी विचारूनही तुम्ही 'नाही' लिहिलं असेल, तर ७५ टक्केही अवघड आहेत. ते मला आधी कळवा.

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे फी नाही, पण त्याला गॅरेजवाल्याला बोलावता येत नाही. म्हणून मी दोघांनाही सामनेवाले करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. गॅरेज पुण्यात असलं तरी ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३४ तक्रारदाराला तो राहतो तिथे दाद मागू देतं. मुदत दोन वर्षांची. तुम्ही दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. त्याआधी गॅरेजवाल्याला १५ दिवसांची नोटीस पाठवू.

आंतरजालावर वाचून गाडीच्या वॉरंटीसाठी 'मॅग्नसन-मॉस' कायद्याचा हवाला देऊ नका. तो १९७५ चा अमेरिकेचा कायदा आहे, इथे चालत नाही. इंधन आणि वायरिंगची वॉरंटी गेली असं धरून चला. एसी किंवा सस्पेन्शनचं काम मात्र पंपाचं निमित्त सांगून नाकारलं, तर भांडा.

गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी आहे, त्याचं दिवसाचं भाडं चढतंय. त्या पावत्या आणि कामावर जाण्यायेण्यासाठी केलेल्या टॅक्सीच्या पावत्या जपून ठेवा, नुकसानभरपाईत धरू. आणि फ्यूज बॉक्सचं ते झाकण कोणाला फेकू देऊ नका.