'कणांचा आकार आणि ताण' असे लिहावे का?

नागपूरच्या एका महाविद्यालयात क्ष-किरण विवर्तन शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारले आहे, की भुकटीच्या विवर्तन आलेखाचे, म्हणजे कोणत्या कोनात किती किरण वळले हे दाखवणाऱ्या आलेखाचे, विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरमधले 'क्रिस्टलाइट साइझ' आणि 'स्ट्रेन' विद्यार्थ्यांसाठी मराठीत कसे लिहावेत. त्यांनी 'कणांचा आकार आणि ताण' असे योजले आहे. माझ्या मते यातले तीनही शब्द बदलायला हवेत.

कळमन्याच्या बाजारातले संत्रे बाहेरून एकसंध दिसते, पण सोलले की आत दहा-बारा फोडी निघतात. भुकटीतला कणही असाच अनेक स्फटिकिकांचा, म्हणजे बारीक एकसंध स्फटिकांचा, बनलेला असू शकतो, आणि आलेखातल्या शिखराच्या रुंदीवरून जिचा अंदाज येतो ती फोड असते, संत्रे नव्हे. म्हणून 'कण' नको, 'स्फटिकिका' म्हणावे.

'आकार' मला सर्वांत जास्त खटकतो. संत्र्याचा आकार गोल असतो. लहान-मोठे असते ते त्याचे माप. स्फटिकिका गोल मानायची की लंबगोल, हेही सॉफ्टवेअरला सांगावे लागते, तेव्हा 'आकार' त्यासाठीच राखून ठेवावा. 'आकारमान' सहज सुचेल. परंतु शाळेत घनता काढताना वस्तुमानाला ज्याने भागतो ते आकारमान, आणि शिखराच्या रुंदीवरून मिळणारी सरासरी आकारमानानेच भारित (म्हणजे मोठ्या स्फटिकिकांना आकारमानाच्या प्रमाणात जास्त वजन देणारी) असल्यामुळे 'आकारमान-भारित सरासरी आकारमान' असे लिहिण्याची वेळ येईल. 'माप' साधा आणि नेमका आहे. तांब्याचे 1.54 अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरण वापरले आणि 40 अंशांवरचे शिखर, उपकरणाचा वाटा वजा करून, अर्ध्या उंचीवर 0.5 अंश रुंद भरले, तर शेरर यांच्या 1918 च्या सूत्राने स्फटिकिकेचे माप सुमारे 17 नॅनोमीटर येते.

ओढलेल्या दोरीत असतो तो ताण. तिच्या लांबीत झालेली वाढ आणि मूळ लांबी यांचे गुणोत्तर म्हणजे विकृती. जालक, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची नियमित मांडणी, सगळीकडे सारखेच ताणले गेले तर शिखर नुसते सरकते. विकृती जागोजागी कमी-जास्त असली तरच ते तिच्यामुळे रुंदावते, म्हणून 'डिस्ट्रिब्यूशन'लाही शब्द हवा, आणि त्यासाठी शाळेतल्या 'वारंवारता वितरण सारणी'मधले 'वितरण' पुरेसे आहे. वाटपाचा अर्थ मनात येऊ नये म्हणून 'मापांचे वितरण', 'विकृतीचे वितरण' असे जोडूनच लिहावे. मापामुळे आलेली रुंदी शिखराच्या कोनाच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनच्या व्यस्त प्रमाणात आणि विकृतीमुळे आलेली त्याच निम्म्या कोनाच्या टॅनच्या सम प्रमाणात वाढते. या फरकावरूनच सॉफ्टवेअर दोहोंचे वाटे वेगळे करते.