नवोदयमध्ये मुलीचा दिवस कसा जातो, जेवण कसं असतं?

तुमच्या मुलीची सहावीसाठी जवाहर नवोदय विद्यालयात निवड झाली, त्याबद्दल आधी तिचं मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय की तिथला दिवस कसा असतो, जेवायला काय मिळतं, आणि घरी मागे लागून भरवावं लागणारी मुलगी तिथे उपाशी तर राहणार नाही ना. मी महाराष्ट्रातल्याच एका नवोदयमध्ये सहावी ते बारावी शिकले आणि वरच्या वर्गांत असताना मेस कमिटीत होते. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते आणि जेवणाबद्दल सविस्तर लिहिते.

उपाशी राहणार नाही. पहाटे उठून पीटी केलेलं आणि संध्याकाळी मैदानावर तासभर धावलेलं मूल जेवतंच. घरी ज्या भाजीला हात लावत नव्हतं, तीही खातं. पहिले दोन-तीन महिने मात्र ती फोनवर "जेवण चांगलं नसतं" असं म्हणेल, रडेलही. ते वाक्य कसं ऐकायचं, हे तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं. त्याकडे पुढे येते.

दिवस साधारण असा जातो. पहाटे पाच-साडेपाचला शिट्टी, मग पीटी, आंघोळ, नाश्ता, प्रार्थना, आणि दुपारपर्यंत तास. जेवणानंतर थोडी विश्रांती. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास, चहा-दूध आणि काहीतरी खाऊ, मैदान, हजेरी, पुन्हा अभ्यास, रात्रीचं जेवण, परत थोडा अभ्यास आणि दहाच्या सुमारास दिवे बंद. वेळा ऋतूप्रमाणे आणि विद्यालयाप्रमाणे पुढेमागे होतात. अरावली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशी चार सदनं, म्हणजे मुलांचे गट (हाऊस) असतात. तुमची मुलगी त्यांतल्या एका सदनात जाईल आणि महिन्याभरात त्या सदनासाठी घसा फोडून ओरडायला शिकेल. सदनाला हाऊस मास्टर किंवा हाऊस मिस्ट्रेस असतात, मुलींसाठी मॅट्रन असतात, आजारी पडल्यावर बघायला नर्स असतात. त्या त्या दिवसाचे सगळे प्रश्न ज्यांच्याकडे जातात, ते शिक्षक म्हणजे एमओडी, मास्टर ऑन ड्युटी. हा शब्द तुमच्या कानावर सारखा येईल.

तिच्या डॉर्ममध्ये, म्हणजे झोपायच्या मोठ्या खोलीत, कोण असेल, याचीही तुम्हाला काळजी असणार. 1986च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात या विद्यालयांची कल्पना मांडली गेली ती मुळात ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी. पहिली दोन विद्यालयं 1985-86 मध्येच प्रायोगिक म्हणून सुरू झाली होती, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आजही किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. म्हणजे शेजारच्या पलंगावर वस्तीवरून आलेली शेतमजुराची मुलगी असेल, तिच्या पलीकडे शिक्षकाची आणि त्याच्या पलीकडे किराणा दुकानदाराची. गणवेश सगळ्यांचा एक, अंथरूण एक, जेवण एक. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च विद्यालय करतं. नववीपासून विद्यालय विकास निधी असतो, पण मुलींना तो माफ आहे.

आता मेस. जेवणाची घंटा झाली की सदनवार रांगा लागतात. हात धुवायचे, स्टीलचं ताट-वाटी घ्यायची आणि आपल्या जागेवर जाऊन बसायचं. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही, मग श्लोक म्हणायचा आणि जेवण सुरू. आमच्याकडे लहान वर्ग आधी बसायचे आणि वाढायची पाळी मोठ्या वर्गांची असायची. पोळ्यांची टोपली घेऊन ओळीतून फिरताना कुणाच्या ताटात काय उरलंय ते दिसतं. सहावीतली मुलगी सलग दोन दिवस नुसताच भात खाताना दिसली की अकरावीतल्या दीदीच्या ते लक्षात यायचं. ती तिच्याशेजारी जाऊन बसायची, उसळीवर लिंबू पिळून द्यायची, पोळीचा पहिला घास मोडून द्यायची. हे मी दरवर्षी जूनमध्ये पाहिलं, आणि पुढे स्वतः केलंही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण आपल्यासाठी कुणीतरी केलेलं असतं म्हणून आपण करतो.

नाश्त्याला पोहे, उपमा, इडली-सांबार, पुरी-भाजी, ब्रेड, मोड आलेले हरभरे असं आलटून पालटून, आणि सोबत दूध किंवा केळं. दुपारी-रात्री पोळी, भाजी, वरण किंवा उसळ, भात, कोशिंबीर. आठवड्यातून एखाद्या दिवशी खास बेत असायचा. त्या दिवशी सकाळपासून वर्गात दुसरा विषय नसायचा. आठवड्याचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो आणि तो मेस कमिटीत ठरतो. त्या कमिटीत शिक्षकांबरोबर विद्यार्थीही असतात. मुलांना वाढण्याआधी शिक्षक जेवण चाखून बघायचे आणि वहीत तशी नोंद करायचे. पालक म्हणून गेलात तर तक्ता जरूर वाचा आणि "मेस बघू का?" असं विचारा. विचारायला अजिबात संकोच करू नका.

मेसचं जेवण घरच्यासारखं का लागत नाही, हे मला स्वयंपाकघरात उभं राहिल्यावरच समजलं. दोन तुकड्यांच्या विद्यालयात सहावीलाच 80 मुलं असतात, आणि सगळे वर्ग मिळून जेवणारी तोंडं पाचशेच्या आसपास जातात. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरला तरी एका वेळेला 50 किलो तांदूळ लागतो. माणशी चार पोळ्या धरल्या तर दोन हजार पोळ्या. शेवटची पोळी तव्यावरून उतरते तेव्हा पहिली दोन तास डब्यात असते. तिथे वाफ धरते आणि पोळी चिवट होते. पोह्यांचंही तसंच. घरी परतून लगेच ताटलीत येतात, मेसमध्ये मोठ्या पातेल्यात झाकून राहतात, म्हणून खालचे ओले आणि वरचे कोरडे. वरण पातळ लागतं, कारण ते पळीने भरभर पाचशे वाट्यांत जायचं असतं. आणि फोडणी! घरी कढल्यात केलेली फोडणी वरणावर पडली की घरभर वास सुटतो, तेवढी चुरचुरीत फोडणी साठ-सत्तर लिटरच्या पातेल्यात विरून जाते. तिखटही मधलं ठेवावं लागतं. कोल्हापूरकडच्या मुलीला ते सपक लागतं आणि साध्या वरण-भातावर वाढलेलीला झोंबतं. आमचे स्वयंपाकी पहाटे चारला भट्टी पेटवायचे. त्यांच्याबद्दल मला आजही फार आदर वाटतो आणि मुलीलाही तो वाटावा असं तुम्ही बोलत राहा. त्यांना काका, मावशी म्हणणाऱ्या मुलीला पोळी जरा गरम मिळते, हेही खरं.

आता ते वाक्य. "आई, इथलं जेवण चांगलं नसतं." माझ्या अनुभवात, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घराची आठवण येते तेव्हा ते "मला एकटं वाटतं" असं म्हणत नाही. ते जेवणावर येतं, कारण दिवसातून तीन-चार वेळा घराची सगळ्यात जास्त आठवण ताटावरच होते. घरी कुणीतरी "अजून एक घे" म्हणतं. मेसमध्ये पहिलं वाढून झालं की पुढचं घ्यायला ताट घेऊन आपणच उठायचं असतं, आणि नवीन मुलीला भरल्या हॉलमध्ये उठायची लाज वाटते. ती अर्धपोटी राहते ती या लाजेपायी, पातेल्यात भाजी तर असतेच. म्हणून फोनवर "जेवलीस का?" असं विचारू नका. त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. "आज कुणाशेजारी बसली होतीस?" असं विचारा. रोज नवं नाव आलं, किंवा नावच आलं नाही, तर अजून मैत्रीण झालेली नाही असं समजा आणि हाऊस मिस्ट्रेसना तेवढंच सांगा. त्या तिला एखाद्या समजूतदार सीनियर मुलीच्या हवाली करतात. एकच नाव दोन-तीनदा आलं की तुम्ही निर्धास्त व्हा, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जेवणाची तक्रार आपोआप मागे पडलेली असेल.

पण खरीच तक्रार असेल तर ती ओळखताही आली पाहिजे, सगळं "आठवण येतेय" म्हणून सोडून देऊ नका. खरी तक्रार नेमकी असते. "मंगळवारची भाजी आंबली होती", "दूध नासलं होतं", "पाण्याला वास येतो", असं वार आणि पदार्थ धरून मूल बोलतं, आणि तिच्या मैत्रिणीही घरी तेच सांगत असतात. दोन-चार पालकांशी बोला, आणि तसं निघालं तर थेट प्राचार्यांना भेटा, लेखी द्या. वजन उतरलं, पोट सारखं दुखतंय, नाश्ता रोज चुकतोय, असं असेल तर नर्सना भेटून तिची तपासणी करून घ्या. मुलगी वयात येण्याच्या वयाची आहे. पाळी तिथेच पहिल्यांदा येऊ शकते, त्याची कल्पना तिला आत्ताच घरी द्या, आणि मॅट्रनशी मोकळेपणाने बोलायचं हेही सांगा. त्या दिवसांत मुली लाजून मेसला जायचं टाळतात. "मॅडम, आज ताट डॉर्ममध्ये मिळेल का?" असं विचारायला तिला शिकवलंत तर ती उपाशी राहणार नाही.

भेटीचा दिवस ठरलेला असतो, बहुतेक महिन्यातला एखादा रविवार. त्या दिवशी झाडाखाली चादरी अंथरून घरोघरचे डबे उघडतात. तुम्ही डबा नेताना दोन-तीन मुलींना पुरेल इतका न्या, कारण कुणाचे तरी आई-वडील येऊ शकलेले नसतात. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडवून दर महिन्याला येणं सगळ्यांना जमत नाही. तुमची मुलगी त्यांना हाक मारून बोलावेल, तेव्हा डबा कमी पडायला नको. मागे ठेवायला फार खाऊ देऊ नका. पेटीत उघडा लाडू राहिला की मुंग्या येतात, मग उंदीर, आणि मग सगळ्या डॉर्मच्या पेट्या तपासल्या जातात. घट्ट झाकणाच्या बरणीत शेंगदाण्याची चटणी किंवा लिंबाचं लोणचं चालत असेल तर द्या. एका चमच्यावर अख्खी पोळी जाते. मात्र काय ठेवायला परवानगी आहे ते हाऊस मिस्ट्रेसना आधी विचारा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून पालक सुरुवातीला दचकतात. नववीत साधारण 30 टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची मुलं इकडे येतात. आमच्याकडे हिंदी भाषिक राज्यातून मुली आल्या होत्या. पहिल्या आठवड्यात पिठलं बघून त्या एकमेकींकडे बघायच्या, आणि मार्चमध्ये त्याच पिठल्यासाठी भांडायच्या. आमच्या गेलेल्या मुली तिकडून बटाट्याचे पराठे आणि झकास हिंदी घेऊन परतल्या. तुमच्या मुलीचं नाव त्यात आलं तर कृपया अडवू नका.

जाताना पेटी भक्कम, पत्र्याची घ्या. ताट, वाटी, पेला यांवर तिचं नाव कोरून घ्या आणि कपड्यांवर रंगीत दोऱ्याने घाला, कारण पेनाने लिहिलेलं चार धुण्यांत जातं. स्वतःचे कपडे धुणं, वेणी घालणं आणि ताट घासणं हे प्रवेशाआधीच्या सुट्टीत घरी करायला लावा. पेटीच्या कुलपाच्या तीन किल्ल्या करा. एक तिच्या गळ्यात, एक मॅट्रनकडे आणि एक तुमच्याकडे.