आई म्हणते, ‘राहू दे, मी करते’

प्रश्न : काकू, मी दहावीत आहे, सिडकोत राहतो. बाबा अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. आईचीही नोकरी. घरात मला कशालाच हात लावू देत नाहीत, ‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणतात. मध्यंतरी आई तापाने झोपून होती, तर मला साधा वरणभात लावता येईना. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘मदत करू का?’ असं आईला विचारूच नकोस, उत्तर तुला माहीत आहे. एक काम अख्खं मागून घे : रात्रीचा कुकर. अख्खं म्हणजे डाळ-तांदूळ संपत आले हे बघणं आणि वाण्याकडून आणणं हेही तुझंच. कामापेक्षा ते सतत ध्यानात ठेवून आई जास्त थकते, असं मला ठाम वाटतं.

तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजव. डाळीला तिप्पट पाणी, चिमूटभर हळद, तेलाचा थेंब. तांदूळ वाटीभर, तर पाणी दोन वाट्या. इगतपुरीकडचा इंद्रायणी असेल तर जरा कमी, नाहीतर भात गिच्च होतो. कुकरच्या तळाशी पाणी घालायला विसरू नकोस. झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून आरपार दिसतंय ना, ते बघ. तिथे शीत अडकलेलं असलं तर धोका असतो. रिंग नीट बसव. तीन-चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नकोस. रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या उघड, बाहेर येऊन 1906 ला फोन कर.

पैशांचंही शीक. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं, 500 रुपयांपासून. पंधरा पूर्ण झाली असतील तर आधारसाठी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते केंद्र शोधणं, वेळ ठरवणं तू कर.

सुरुवातीला आई मध्ये पडेलच. बाबांना विश्वासात घे, त्या वेळी तिला बाहेरच्या खोलीत बसवणं त्यांच्याकडे दे. आणि पूर्वपरीक्षेच्या दिवसांत कुकर कोण लावणार, हे तिघांनी आताच ठरवून टाका.