टेम्पो सासूबाईंच्या नावावर आणि पोटगी २०१९ची

प्रश्न : २०१९ साली कोर्टाने मुलीसाठी महिना चार हजार पोटगी ठरवली. तेव्हा ती पहिलीत होती, आता सातवीत आहे. नवऱ्याचे दोन टेम्पो आहेत, दोन्ही सासूबाईंच्या नावावर. कोर्टात तो ‘मी ड्रायव्हर आहे’ एवढंच सांगतो. चार महिने पैसेही आलेले नाहीत. मी पतसंस्थेत चौदा हजारांवर आहे. आता नवे नियम आलेत म्हणे. वाढवून मागायला गेले आणि माझा पगार बघून आहे तेही कमी केलं तर?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलेले नियम म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२०चा निकाल, ‘रजनेश विरुद्ध नेहा’. खटला आपल्या नागपूरचाच. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५मध्ये आदेश दिला, पण पोटगी सप्टेंबर २०१३पासून, म्हणजे अर्ज केला तेव्हापासून लावली. मुलाचे आधी पाच हजार होते, पुढे दहा केले. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं आणि अर्जाच्या तारखेपासूनच पोटगी द्यायची, हे देशभरासाठी ठरवून दिलं. म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका. अर्ज न करता गेलेले महिने सहसा पदरात पडत नाहीत.

तुमच्या कामाची खरी गोष्ट म्हणजे प्रतिज्ञापत्र. आता दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जं, खर्च सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. टेम्पो आईच्या नावावर आहे एवढ्यावर विषय मिटत नाही. हप्ता कोणाच्या खात्यातून जातो, विमा कोण भरतं, भाड्याचे पैसे कोणाच्या फोनवर येतात, हे विचारायला लावा. गाड्यांचे नंबर आणि फोटो, भाडं देणाऱ्या व्यापाऱ्याची एखादी पावती, जे हाती लागेल ते वकिलांना द्या. खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर खोट्या शपथेची कारवाई मागता येते. माझ्या अनुभवात हे ऐकलं की पुष्कळ ‘ड्रायव्हरां’ना आपल्या गाड्या आठवतात!

तुमचा पगार मात्र लपवू नका. आई चांगलं कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो, असं त्याच निकालात आहे. चौदा हजारांत घरभाडं आणि शाळा कशी बसते, ते कोर्टालाही कळतं. फी, रिक्षा, वह्या-पुस्तकं, चष्मा, सगळ्याच्या पावत्या जोडा. शिकवणीचा खर्चही धरतात, पण वाजवी. पहिलीची मुलगी सातवीत गेली, हा बदललेल्या परिस्थितीचा सरळ मुद्दा आहे. वाढीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७खाली व्हायचा. १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. तुमचा आदेश हिंदू विवाह कायद्याखालचा असेल तर रस्ता वेगळा, म्हणून आदेशाची प्रत वकिलांना आधी दाखवा.

थकलेल्या चार महिन्यांसाठी वसुलीचा अर्ज वेगळा करा, लगेच करा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खालची पोटगी असेल तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो.

प्रश्न : पगाराचे २५ टक्के द्यावेच लागतात का? माझा घराचा हप्ताच अठरा हजार आहे. शिवाय ती मुलाला भेटू देत नाही, मग पैसे थांबवले तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पंचवीस टक्क्यांचा आकडा पत्नीच्या पोटगीच्या काही निकालांतून आलाय. कायद्यात असं कोष्टक नाही, मुलांसाठी तर नाहीच. पीएफ, आयकर यांची वजावट कोर्ट मानतं. स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता सांगून रक्कम फारशी खाली येत नाही, कारण फ्लॅट शेवटी तुमचाच होतो. पैसे थांबवायचे नाहीत. थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि भेटीचा अर्ज घेऊन उभे राहाल तेव्हा समोरचे वकील पहिल्यांदा थकबाकीच काढतील. भेटीसाठी स्वतंत्र अर्ज करा, शनिवार-रविवारची वेळ आणि जागा त्यात नेमकी लिहा.